असे गाव नाही

माझ्या आत्याचा जन्म कऱ्हाडचा. लग्नानंतर ती सांगलीला आली, तिथेच राहिली. पण बोलण्यात कृष्णा-कोयनेचा संगम दिवसातून एकदा तरी यायचाच. २०२० च्या टाळेबंदीत तिला ऐंशी पूर्ण झाली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाने रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉलवर गावाच्या भेंड्या खेळायला सुरुवात केली. सांगली, पुणे, ठाणे आणि न्यू जर्सी अशी चार घरे. तिकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असत.

एसटीच्या प्रवासात लहानपणी खेळलेला हा खेळ कॉलवर मात्र नीट चालेना. आवाज मागेपुढे पोहोचायचा, दोघे एकदम बोलायचे, आणि आधी कोण बोलले यावरून रोज वाद. पुण्याचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तो म्हणाला, “मामा, याचं ॲप करू. दोन शनिवार-रविवारचं काम आहे.”

खरोखरच दोन आठवड्यांत त्याने ते केले. एकाने ‘खोली’ उघडायची, खोलीला एक क्रमांक मिळायचा, तो इतरांनी आपापल्या फोनवर घातला की सगळे एका खोलीत. कोणाची पाळी आहे आणि किती सेकंद उरले आहेत, हे दूरच्या एका सर्व्हरवर ठरायचे. सुरुवातीला प्रत्येक फोन स्वतःचे घड्याळ चालवत होता. न्यू जर्सीच्या वहिनींच्या फोनवर पाच सेकंद शिल्लक असताना आमच्या फोनवर त्यांची भेंडी चढलेली असायची. मग भाच्याने घड्याळ सर्व्हरकडे दिले आणि वेळेचा प्रश्न सुटला.

अक्षराचा प्रश्न सुटला नाही. पहिल्याच रात्री ठाण्याच्या चुलतभावाने ‘पुणे’ लिहिले. पुढची पाळी माझी. माझ्या फोनवर एक ठिपक्याठिपक्यांचे वर्तुळ उमटले, त्याच्या डोक्यावर एक मात्रा, आणि खाली सूचना : या अक्षराने सुरू होणारे गाव सांगा. वीस सेकंद. नुसत्या मात्रेने सुरू होणारे गाव महाराष्ट्रात कुठे असेल! आम्ही पोट धरून हसलो. भाच्याने चूक दुरुस्त केली, तर पुढच्या वेळी फोन ‘ण’ मागू लागला. ‘ण’ आला तर ‘न’ घ्यायचा, ‘ळ’ आला तर ‘ल’, भुसावळनंतर लातूर चालते, हे घरातल्या सगळ्यांना न सांगता ठाऊक होते. फोनला ते सांगावे लागले.

चौथ्या की पाचव्या रात्री आत्याच्या पाळीला ‘क’ आला. तिने नातवाकडून फोन घेतला आणि स्वतःच्या बोटाने, सावकाश, ‘कऱ्हाड’ लिहिले. फोनने उत्तर दिले : असे गाव नाही.

“माझं माहेरच नाही म्हणतोय की रे तुझा फोन!” आत्या म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही. तिची भेंडी चढली होती.

त्या एका वाक्याने मला पुढची तीन-चार वर्षे कामाला लावले. मी संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. वाणिज्य शाखेचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून मुद्रितशोधनाच्या कामाला लागलो, आणि जे काही शिकलो ते पुस्तके मागून, माणसांना विचारून. भाच्याला हा यादीतला एक छोटा दोष वाटत होता. मला वाटले, यात यादीपेक्षा जुने काहीतरी आहे. शब्दांच्या खेळात मोजायचे ते नेमके काय, हे कोणीतरी कधीतरी ठरवलेले असते. आमच्या खेळात ते कोणी ठरवले होते?

भेंड्यांचे मूळ फार मागे जाते. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका आहे, उच्चारायला अवघड शब्दांचा दुर्वाचकयोग आहे आणि प्रतिमाला आहे. प्रतिमाला म्हणजे एकाने श्लोक म्हणायचा आणि दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा श्लोक म्हणायचा. टीकाकार यशोधर तिला अंत्याक्षरिका असेही म्हणतो. हा खेळ कानाचा आहे. लिहून दाखवायची गरज नाही, म्हणून ‘शेवटचे अक्षर’ म्हणजे काय यावर वाद होण्याचे फारसे कारणही नाही : तोंडातून शेवटी जे एकसंध बाहेर पडले ते.

मराठी कवींना अक्षर मोजायची सवय होतीच. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. तिथे जोडाक्षर एकच धरले जाते. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जात नाही. ‘त्र्यंबक’ हा शब्द अभंगात तीन अक्षरांची जागा घेतो, आणि हे कोणत्याही वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. अक्षरांशी खेळण्याचा आमच्याकडचा सर्वांत हौशी खेळाडू म्हणजे मोरोपंत. अठराव्या शतकात बारामतीला बसून या माणसाने एकशे आठ रामायणे रचली. त्यांतले एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठाला ओठ लावून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात येऊच द्यायची नाहीत. रामाची कथा सांगायची आणि रामाच्या नावातला ‘म’ टाळायचा! हा भक्तीचा प्रकार की बुद्धीचा खेळ, यावर अभ्यासकांनी हवे ते म्हणावे. मला तो एकट्याने मांडलेला शब्दखेळच वाटतो. आणि योगायोग असा की बारामती ज्या नदीकाठी आहे ती कऱ्हा. आत्याच्या गावाच्या नावातले तेच अवघड अक्षर तिच्याही नावात आहे.

आजच्या फोनवरचे शब्दखेळ मात्र या परंपरेतून आलेले नाहीत. ते आले अमेरिकेतून, एका बेकार वास्तुरचनाकाराच्या घरातून. आल्फ्रेड बट्स याची नोकरी महामंदीत गेली. रिकाम्या वेळात त्याने शब्दांचा एक खेळ रचायला घेतला आणि त्यासाठी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची पाने पुढ्यात घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजणी केली. इंग्रजी ‘ई’ वारंवार येतो, म्हणून त्याच्या बारा सोंगट्या. ‘झेड’ क्वचित, म्हणून एकच, पण तिला दहा गुण. ‘एस’ मात्र वारंवार येत असूनही त्याने चारच सोंगट्यांवर थांबवला, कारण तो शेवटी लावला की अनेकवचन होते आणि खेळ फार सोपा होतो. १९३८ पर्यंत खेळाला पट मिळाला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने तो हाती घेऊन त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. शंभर सोंगट्यांचा तो संच आजही जवळपास बट्सच्या मोजणीवरच उभा आहे.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की बट्सला ‘एक अक्षर म्हणजे काय’ हा प्रश्न पडलाच नाही. सव्वीस ठोकळे वर्णमालेने तयार करून ठेवलेले होते. तरी इंग्रजीलाही तो प्रश्न कधीमधी टाळता येत नाही. ‘बॉगल’ नावाच्या फाशांच्या खेळात ‘क्यू’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरे एकाच बाजूवर एकत्र छापलेली असतात, कारण ‘क्यू’ एकटा आला तर खेळाडूचा फासा फुकट जातो. स्पॅनिश स्क्रॅबलमध्ये जोड ‘एल’ आणि जोड ‘आर’ यांच्या एकेक सोंगट्या आहेत. वेल्श भाषेच्या संचात जोड ‘डी’, जोड ‘एल’ अशा सोंगट्या आहेत, कारण वेल्श माणसाच्या लेखी ती एकेकच अक्षरे आहेत. प्रत्येक भाषेने खेळ घेताना स्वतःचे अक्षर मोजून घेतले.

हा खेळ पडद्यावर आणून जगभर गाजवला तो कोलकात्याच्या दोन भावांनी. रजत आणि जयंत अगरवाला यांचे ‘स्क्रॅब्युलस’ २००७ मध्ये फेसबुकवर आले आणि वर्षभरात रोज पाच लाखांच्या आसपास माणसे ते खेळू लागली. २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील हक्क असलेल्या हॅस्ब्रो कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. अमेरिका आणि कॅनडात खेळ बंद झाला. उरलेल्या जगाचे हक्क मॅटेल कंपनीकडे. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १७ सप्टेंबर २००८ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी दिलेला अंतरिम आदेश माझ्यासारख्या बिगरवकिलालाही वाचण्यासारखा वाटला. नावाच्या बाबतीत मॅटेल जिंकली : ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव ‘स्क्रॅबल’च्या फार जवळचे आहे, ते वापरता येणार नाही. पण पट आणि नियम यांवरचा लेखाधिकाराचा दावा न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केला नाही. म्हणजे खेळाची कल्पना ही कोणा एकाची मालमत्ता होत नाही. भावांनी नाव बदलून ‘लेक्झ्युलस’ केले. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या दुसऱ्या दोन भावांनी, पॉल आणि डेव्हिड बेटनर यांनी, फोनसाठी ‘वर्ड्‌स विथ फ्रेंड्‌स’ काढले. पट वेगळा आखला, सोंगट्या एकशे चार केल्या, ‘एस’ एकाने वाढवला.

हे वाचून भाच्याला उत्साह आला. “मग मराठीत का नको?” त्याने भेंड्या बाजूला ठेवून सोंगट्यांचा खेळ मांडून पाहिला. मी बट्सची नक्कल करत जुन्या मासिकांची पाने घेऊन वहीत रेघोट्या मारायला बसलो. दुसऱ्या संध्याकाळी हात टेकले. क ते ज्ञ अशी छत्तीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा अक्षरांची बाराखडी, तर चारशे बत्तीस निराळी अक्षरे झाली. जोडाक्षरे यात अजून आलेलीच नाहीत. शंभर सोंगट्यांच्या पिशवीत ही भाषा मावत नाही. नुसती व्यंजने ठेवली आणि काना-मात्रा खेळाडूने मनाने लावाव्यात असे ठरवले, तर कोणत्याही तीन सोंगट्यांचा काही ना काही शब्द होतो. मात्रांच्या वेगळ्या सोंगट्या केल्या, तर वेलांटी व्यंजनाच्या आधी ठेवायची की नंतर, इथूनच भांडण. शिवाय बट्सला एकाच ‘एस’ची भीती होती, आमच्याकडे ने, ला, चा, ची, चे, त, हून अशी सगळी फौज कोणत्याही नामामागे उभी राहते. ‘घर’ चालेल, मग ‘घराने’ का नाही, ‘घरातल्यांनासुद्धा’ का नाही?

मराठी शब्दकोड्यांनी यातून आपली वाट फार पूर्वी काढली आहे. एका चौकोनात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. आडव्या शब्दातला ‘ष्ट्रा’ उभ्या शब्दातही ‘ष्ट्रा’च लागतो. त्यामुळे कोडे रचणे अवघड होते, पण सोडवणाऱ्याला अक्षर काय हे कधीच समजावून द्यावे लागत नाही. तो अभंगाचाच हिशेब आहे.

या सगळ्यात मला वारंवार आठवत राहिली ती वडिलांची केस. वडील एका छापखान्यात जुळारी होते. शाळेतून आल्यावर मी छापून झालेले खिळे पुन्हा खान्यांत सोडायला त्यांच्याजवळ बसायचो. इंग्रजी मजकूर जुळवणाऱ्यापुढे दोन केसेस असायच्या. मराठी जुळाऱ्यापुढे त्याहून कितीतरी जास्त, काही शे खान्यांच्या, आणि हात न बघता योग्य खान्यात जायचा. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतल्या त्या आडव्या चंद्रकोरीसारख्या ‘र’चा खिळा वेगळा होता. तो नाजूक, लवकर तुटायचा. तुटला की नवा येईपर्यंत वडील दुसऱ्या छापखान्यातून उसना आणायचे, पण ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ लावायचे नाहीत. “डोंगराचा समुद्र होतो,” म्हणायचे.

खिळे कमी व्हावेत म्हणून शहाण्या माणसांनी केलेल्या खटपटींचा इतिहास मोठा आहे. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’ची बाराखडी सुचवली, अि, अी, अु, म्हणजे इ, ई, उ यांचे स्वतंत्र खिळे वाचतात. टंकलेखन यंत्राने तर अक्षराचे तुकडेच केले : ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचे अर्धे अंग एका कळीवर, उभी रेघ दुसऱ्या कळीवर. मी स्वतः मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आहे. बोटांना ‘ग’ म्हणजे दोन ठोके हे अजून आठवते. डोळ्यांना मात्र तो एकच ‘ग’ दिसायचा, कारण शेवटी कागदावर उमटायचे ते पूर्ण अक्षर. यंत्राने आत काय केले याच्याशी वाचणाऱ्याला देणेघेणे नव्हते.

फोनवरच्या खेळात फरक पडतो तो इथे. खेळ कागदावरचे अक्षर पाहत नाही. तो यंत्राच्या आतले तुकडे मोजतो.

ते तुकडे कसे ठरले, हा अलीकडचा इतिहास आहे. १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेतप्रणाली तयार झाली, तिचे नाव इस्की. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांचा आराखडा एकच आहे हे ओळखून देवनागरी ‘क’, बंगाली ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांना तिने एकच क्रमांक दिला. कल्पना म्हणून ती मला आजही सुंदर वाटते. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतला. त्यात व्यंजनाला एक क्रमांक, कान्याला एक, वेलांटीला एक, हलन्ताच्या पायमोडीला एक. जोडाक्षराला क्रमांक नाहीच. ते व्यंजन, पायमोड, व्यंजन असे जोडून पडद्यावर घडवायचे. काही शे खान्यांची केस सव्वाशे क्रमांकांच्या आत बसली. माझ्या वडिलांना हे पाहून आनंदच झाला असता.

पण मग ‘त्र्यंबक’ किती अक्षरी? भाच्याने ‘तीन अक्षरी गावे’ असा एक प्रकार खेळात घातला होता, तिथे हा प्रश्न उभा राहिला. क्रमांक मोजले तर आठ. भाचा म्हणाला, वाचणाऱ्याला एकसंध वाटणारे अक्षर तोडण्याचे नियमही युनिकोडने दिलेले आहेत, ते वापरतो. वापरले. आता उत्तर आले पाच : पायमोडका ‘त्’, पायमोडका ‘र्’, मग ‘यं’, ‘ब’, ‘क’. मात्रा व्यंजनाला चिकटवायला तो नियम शिकला होता, जोडाक्षर जोडून धरायला नव्हता. आत्याने बोटांवर मोजून तीन सांगितले. तिघांतला आत्याचा आकडा ग्राह्य धरणारा नियम युनिकोडच्या प्रमाणात आला तो सप्टेंबर २०२३ च्या आवृत्तीत. तोपर्यंत, पहिल्या आवृत्तीपासून बत्तीस वर्षे, यंत्राच्या अधिकृत हिशेबात जोडाक्षर हे एक अक्षर नव्हते. ज्या भाषेच्या कवितेचा आणि कोड्यांचा सगळा हिशेब त्यावर चालतो, त्या भाषेतून याबद्दल फारशी ओरड झाली नाही. पत्र लिहिताना, बातमी वाचताना ते कळतच नाही. खेळताना कळते.

आता कऱ्हाड. भाच्याने गावांची यादी आणली कुठून? सरकारी गावयाद्यांतून. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे. हाताने कोण लिहिणार! त्याला सहज मिळालेली यादी रोमन लिपीत होती. ती एका प्रोग्रामने देवनागरीत आणली. मी मुद्रितशोधकाच्या नजरेने पहिली शंभर नावे पाहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. चिपळूणचे ‘चिपलुन’ झाले होते. फलटणचे ‘फलतन’. रोमन लिपीतून जाताना ळ आणि ण गळून पडतात आणि परत येताना ते कुठे होते हे कोणाला ठाऊक नसते. आम्ही तिघाचौघांनी मिळून ती यादी सात-आठ महिने तपासली. जिल्हा वाटून घेतला, माहितीच्या माणसांना फोन केले. ज्या नावावर गावातलेच दोघे एकमत होत नव्हते, तिथे दोन्ही रूपे ठेवली. ‘कऱ्हाड’ त्यातच आले. सरकारी पाट्यांवर आज बहुधा ‘कराड’ असते. जुन्या छापील पुस्तकांत ‘कऱ्हाड’ सर्रास दिसते. दोन्ही घातली.

आत्याला मोठ्या उत्साहाने बोलावले. तिने पुन्हा सावकाश ‘कऱ्हाड’ लिहिले. फोन म्हणाला : असे गाव नाही.

भाच्याचा चेहरा पडला. यादीतला शब्द आणि आत्याच्या फोनवरचा शब्द त्याने शेजारी शेजारी ठेवले. दिसायला काडीचाही फरक नव्हता. मग त्याने दोन्ही उघडून आतले क्रमांक पाहिले. यादीतल्या ‘कऱ्हाड’चे सहा तुकडे होते, आत्याच्या ‘कऱ्हाड’चे सात.

कारण असे. त्या चंद्रकोरीच्या ‘र’साठी इस्कीने एक वेगळे अक्षर धरले होते, खाली टिंब असलेला ‘ऱ’. त्याला पायमोड लावली की चंद्रकोर होते. युनिकोडने ते घेतले. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ही चंद्रकोर साध्या ‘र’ला पायमोड आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊन करायची पद्धत होती. ती पद्धत वापरून लिहिलेला मजकूर वाया जाऊ नये म्हणून पुढे तीही चालू ठेवली. आणखी एक तिसरी वाट आहे : साधा ‘र’, त्याला वेगळे टिंब, मग पायमोड. तिन्ही वाटांनी पडद्यावर उमटते ते एकच कऱ्हाड. आत्याच्या फोनचा कळफलक दुसऱ्या वाटेने जात होता, आमची यादी पहिल्या. यंत्राच्या लेखी ती दोन निराळी गावे होती.

कोणाची चूक होती असे मला म्हणवत नाही. जुन्या मजकुराची काळजी घेणारे लोक बरोबरच होते. तिसऱ्या वाटेचा शब्द पहिल्या वाटेवर आणून ठेवायचे प्रमाण नियम आहेत. दुसऱ्या वाटेला तो नियम लागू पडत नाही, ती आपली आपण पाहावी लागते. भाच्याने तीन ओळी लिहिल्या आणि तिन्ही कऱ्हाडे एक झाली. पण त्या तीन ओळी लिहायच्या आहेत हे कळायला एका ऐंशीच्या बाईची दोनदा भेंडी चढावी लागली. आणि हे अक्षर मराठीत काही कोपऱ्यातले नाही. पायऱ्या, दऱ्या, सुऱ्या, नवऱ्याला, बिचाऱ्याला. अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावात, ‘कऱ्हेचे पाणी’मध्ये, पहिल्याच शब्दात. मराठीतला कोणताही शोध, कोणतीही यादी, मतदारांची असो की ग्रंथालयातली, या तीन वाटांवर अडखळू शकते. तिथे ‘असे गाव नाही’ याऐवजी ‘असे नाव नाही’ हे उत्तर येते, आणि खिडकीपाशी उभा असलेला माणूस हसण्यावारी नेऊ शकत नाही.

इतके करूनही यादी पुरी होणार नाही हे आम्हाला कळून चुकले. वाड्या, वस्त्या, धरणाखाली गेलेली गावे. न्यू जर्सीच्या वहिनींचे आजोळ कोयनेच्या पाण्यात गेले. यादीत ते नाही, पण भेंड्यांत त्यांनी ते का म्हणू नये? घरातल्या खेळात याचा निकाल कोण लावायचे? बसलेली माणसे. शिकागोच्या जॅकबॉक्स कंपनीने २०१४ पासून काढलेल्या खेळसंचांत ही जुनी रीत फोनवर आलेली भाच्याने मला दाखवली. प्रश्न दूरचित्रवाणी संचावर दिसतो, प्रत्येक जण चार अक्षरांचा संकेत घालून आपल्या फोनवरून उत्तर देतो, आणि त्यांच्या ‘क्विप्लॅश’ या खेळात तर बरोबर उत्तर असे काही नसतेच. बाकीचे खेळाडू मते देतात. आम्ही ते उचलले. दिल्लीच्या न्यायालयाचा आदेश वाचल्यापासून उचलण्याची भीड गेली होती. आता यादीत नसलेले गाव आले की फोन ‘असे गाव नाही’ म्हणत नाही. तो विचारतो : हे गाव कोणाला माहीत आहे? एकाने जरी ‘मला’ म्हटले तरी चालते, आणि ते नाव त्या खोलीच्या यादीत जाते. भाच्याला बहुमत हवे होते. आत्याने ते मोडून काढले. “पाण्याखालचं गाव किती जणांना माहीत असणार रे?”

खोट्या गावांना याने दार उघडले हे खरे. ठाण्याच्या नातवाने दोन रात्री मनाची गावे रचून सांगितली आणि त्याच्या बहिणीने इमानाने ‘मला माहीत आहे’ म्हटले. तिसऱ्या रात्री आत्याने त्याला त्या गावी एसटी कुठून सुटते ते विचारले.

ॲप आम्ही बाजारात आणलेले नाही. सहा-सात कुटुंबे खेळतात, सर्व्हरचा खर्च भाचा उचलतो. अजून एक वाद शिल्लक आहे. कोणीतरी ‘अ’वर ‘ॲटलांटा’ दिले. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये आणि राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने तो वर्णमालेत घेतला, म्हणजे कागदोपत्री ते वेगळे अक्षर आहे, ‘अ’वर चालायला नको. न्यू जर्सीचे म्हणणे, मग आम्ही ॲटलांटा कधी म्हणायचे? मराठीत ‘ॲ’ने संपणारे एक तरी गाव दाखवा. आत्याचा आक्षेप वेगळाच आहे : आधी अंबरनाथ, अलिबाग, अक्कलकोट संपवा, मग बघू. गेल्या कोजागरीला या मुद्द्यावर खेळ थांबला आणि दूध आटले. भाच्याने ‘ॲ’ची तपासणी तात्पुरती बंद ठेवली आहे.